‘काही नाही, मनाचं आहे’ हे निदान नव्हे

ओपीडीत आठवड्यातून एकदा तरी हा प्रसंग घडतोच. टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीतून रिपोर्टांचा गठ्ठा निघतो. एमआरआय नॉर्मल, ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, बी-१२ नॉर्मल. पेशंट खाली मान घालून बसलेला असतो. सोबतचे नातेवाईक थोडे वैतागून, थोडे ओशाळून सांगतात, “डॉक्टर, तीन ठिकाणी दाखवून झालं. सगळे म्हणतात, काही नाही, मनाचं आहे.”

हे वाक्य मी गेली कित्येक वर्षे ऐकतो आहे. एके काळी मी स्वतःही ते बोलत असे. आज या वाक्याविरुद्ध जरा कडक भाषेत लिहायचे आहे, कारण त्याने माझ्या डोळ्यांदेखत माणसांचे नुकसान झाले आहे.

वाक्य नीट पाहा. ‘मनाचं आहे’ हे एक विधान झाले. ते बरोबर असेल किंवा चूक असेल. पण त्याच्या आधी ‘काही नाही’ जोडले की अर्थ असा होतो: जे शरीराचे ते खरे, जे मनाचे ते काहीच नाही. हा अर्थ कोणत्याही तपासणीतून निघत नाही. एमआरआयच्या रिपोर्टवर तसे कुठेही छापलेले नसते. ती एक तात्त्विक समजूत आहे, पावणेचारशेहून अधिक वर्षे जुनी. तत्त्वज्ञानाने ती केव्हाच उलटसुलट तपासली, मेंदूविज्ञानाने तिच्याविरुद्ध पुरावे गोळा केले. आपण डॉक्टर मंडळी मात्र ती अजून निदान म्हणून पेशंटच्या हातात ठेवतो.

पाय खरा, लुळेपणाही खरा

एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पस्तिशीतल्या एक बाई, अंगणवाडीत काम करणाऱ्या. एका सकाळी उठल्या तर उजवा पाय जड. दोन दिवसांत तो ओढत चालायची वेळ आली. मेंदूचा आणि मणक्याचा एमआरआय झाला, नसांची तपासणी झाली. कुठेच दोष सापडला नाही. मग सल्ले सुरू झाले. “टेन्शन घेऊ नका.” “मन कशात तरी रमवा.” घरात तर निकालच लागून गेला होता. सासूबाईंचे म्हणणे असे की, कामाच्या वेळेलाच पाय लुळा पडतो, टीव्हीपुढे बरोबर चालत येते.

मी त्यांना तपासणीच्या टेबलावर उताणे झोपवले. उजव्या टाचेखाली माझा हात ठेवला आणि म्हणालो, “टाच खाली दाबा.” जोर जवळजवळ नव्हताच. हात तिथेच ठेवून सांगितले, “आता डावा पाय वर उचला,” आणि डाव्या पायाला वरून थोडा विरोध केला. त्या डावा पाय उचलू लागल्या आणि उजवी टाच माझ्या हातावर चांगली जोरात दाबली गेली.

याला ‘हूवर साइन’ म्हणतात. चार्ल्स हूवर या अमेरिकन डॉक्टरांनी तिचे वर्णन १९०८ साली केले. एक पाय जोर लावून उचलताना दुसरा आपोआप खाली दाबला जातो. तुम्ही आत्ता पलंगावर पडून करून पाहिलेत तरी कळेल. बाईंच्या बाबतीत याचा अर्थ स्वच्छ होता. स्नायू, नसा, मणका आणि मेंदूकडून पायाकडे येणारी वाट शाबूत होती. आपोआप होणारी हालचाल होत होती, पण ‘आता मी हा पाय हलवते’ असे ठरवून करायची हालचाल होत नव्हती. या आजाराला ‘फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर’ म्हणतात. मेंदूच्या रचनेत बिघाड नाही, कामकाजात आहे.

लक्षात घ्या, हे निदान ‘काही सापडले नाही म्हणून’ केलेले नाही. तपासताना काहीतरी सापडले म्हणून केले आहे. आणि हा आजार दुर्मीळही नाही. स्कॉटलंडमधल्या न्यूरॉलॉजी ओपीडींची मोठी पाहणी झाली, तेव्हा नव्या पेशंटांमध्ये डोकेदुखीच्या खालोखाल दुसरा क्रमांक याच प्रकारच्या तक्रारींचा लागला.

मी ती तपासणी बाईंना आणि त्यांच्या नवऱ्याला पुन्हा करून दाखवली. बाईंनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? “म्हणजे मी नाटक करत नव्हते, हे यांनाही दिसलं ना?” पाय बरा कधी होईल, हे त्यांनी नंतर विचारले.

केसपेपरवरची तीन अक्षरे

आता माझी कबुली. मी इंटर्न असताना कॅज्युअल्टीत रात्री ‘फिट आली’ म्हणून एखादी तरुण मुलगी आणली, की सीनियर एका नजरेत ठरवून टाकत: एच.सी.आर. म्हणजे हिस्टेरिकल कन्व्हर्जन रिअ‍ॅक्शन. केसपेपरवर ही तीन अक्षरे पडली की सगळ्यांच्या चेहऱ्यावरचा ताण जायचा आणि थोडे हसू यायचे. मग अमोनियाचा बोळा नाकाशी धरायचा, छातीच्या मधल्या हाडावर मूठ जोरात रगडायची. मुलगी कळवळून उठली की, “बघा, उठली!”

एका मुलीच्या नाकाशी तो बोळा मी धरला होता. ती ठसकत, रडत माझ्याकडे पाहत होती आणि मी तिच्या आईला सांगितले, “काही नाही, मनाचं आहे. घरी न्या.” आई तिथेच मुलीवर ओरडली. आम्हाला वाटले, केस मिटली. ती मुलगी पुन्हा आमच्याकडे आली नाही. कशाला येईल?

‘हिस्टेरिया’ हा शब्दच मुळात गर्भाशयासाठीच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. बाईचा आजार, बाईचे नखरे, हा संशय त्या शब्दाच्या पोटातच आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेने २०१३ च्या आवृत्तीत दोन जुन्या अटी काढून टाकल्या: या आजारामागे मानसिक ताण सापडलाच पाहिजे ही एक, आणि पेशंट सोंग करत नाही हे डॉक्टरने सिद्ध केले पाहिजे ही दुसरी. मायग्रेनच्या पेशंटकडून आपण असे शाबितीपत्र मागत नाही. मग इथे का मागायचे?

हे खूळ आले कुठून?

सतराव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ रेने देकार्त यांनी माणसाचे दोन भाग पाडले. एक शरीर: जागा व्यापणारे, यंत्रासारखे चालणारे. दुसरे मन: विचार करणारे, पण जागा न व्यापणारे. १६४१ साली त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ आला. या विभागणीने विज्ञानाचा फायदाही झाला, कारण शरीर हे यंत्र मानल्यावर ते उघडून तपासायला हरकत उरली नाही. आजचे वैद्यकशास्त्र त्याच वाटेने वाढले.

पण दोनच वर्षांत, १६४३ मध्ये, बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने देकार्तला पत्र लिहून नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले. घराण्याचे राज्य गेलेले, हॉलंडमध्ये परागंदा राहणारी ही पंचविशीच्या आतली मुलगी. तिचा प्रश्न असा होता: मन जर जागाच व्यापत नाही, तर ते शरीराला ढकलते कसे? हात उचलायचा विचार केला की हात उचलला जातो, हे होते कसे? देकार्तला याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही. पुढे त्याने मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीत मन आणि शरीर भेटतात असे सुचवले. त्याने प्रश्न फक्त एका छोट्या ग्रंथीत नेऊन ठेवला.

याहून मजेशीर भाग पुढचा आहे. १६४५ साली एलिझाबेथला बारीक ताप आणि कोरडा खोकला लागला. देकार्तने पत्रातून निदान केले की, असा रेंगाळणारा ताप बहुतेक वेळा दुःखामुळे येतो. म्हणजे ज्याने मन आणि शरीर यांच्यामध्ये भिंत बांधली, त्यालाच आजारी माणूस समोर आल्यावर ती भिंत ओलांडावी लागली! आणि एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. ‘काही नाही’ असे तो म्हणाला नाही. घराण्यावरची संकटे आणि ताप, दोन्ही त्याने खरे मानले. ‘मनाचे म्हणजे खोटे’ ही भर नंतरच्यांची आहे, विशेषतः आम्हा डॉक्टरांची.

तत्त्वज्ञ प्रयोगशाळेत आले

मन म्हणजे काय, हा प्रश्न विसाव्या शतकापर्यंत तत्त्वज्ञ आरामखुर्चीत बसून सोडवत होते. १९५६ साली यू. टी. प्लेस यांनी एक निबंध लिहिला: जाणीव ही मेंदूतली प्रक्रियाच असू शकेल, जशी वीज चमकणे ही विद्युतभाराची हालचाल असते. हे चूक ठरेल की बरोबर, ते विज्ञानाने तपासावे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे पॅट्रिशिया चर्चलंड या तत्त्वज्ञ बाईंनी कॅनडात मेडिकल कॉलेजात जाऊन मेंदूची शरीररचना शिकून घेतली आणि १९८६ साली ‘न्यूरोफिलॉसॉफी’ हे पुस्तक लिहिले. मेंदू न पाहता मनाबद्दल बोलणे आता चालणार नाही, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या सगळ्याच मतांशी मी सहमत नाही. पण तेव्हापासून तत्त्वज्ञ आणि मेंदूवैज्ञानिक एका टेबलावर बसू लागले, आणि त्या टेबलावरून जे आले ते पेशंटच्या कामाचे आहे. तीन गोष्टी सांगतो.

पहिली, १९७८ सालची. अक्कलदाढ काढलेल्या पेशंटांना दुखण्यावर औषध म्हणून काहीच औषध नसलेले इंजेक्शन दिले. काहींचे दुखणे कमी झाले. “बघा, मनाचं होतं!” असे आपण म्हणून मोकळे झालो असतो. पण लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स या संशोधकांनी पुढे नॅलोक्सोन दिले. हे औषध अफूसारख्या वेदनाशामकांचा परिणाम अडवते. ज्यांना खोट्या इंजेक्शनने आराम पडला होता, त्यांचे दुखणे परत वाढले. म्हणजे ‘आता बरे वाटेल’ या नुसत्या अपेक्षेने शरीराने स्वतःचे वेदनाशामक तयार केले होते. तो आराम खरा होता, म्हणूनच तो औषधाने रोखता आला.

दुसरी, २०१० सालची. हात थरथरण्याचा फंक्शनल आजार असलेल्या आठ पेशंटांचे मेंदूचे स्कॅन घेतले. एकदा थरथर आपोआप होत असताना, आणि एकदा त्यांनाच तशीच थरथर मुद्दाम करायला सांगून. माणूस तोच, हात तोच, हालचालही तशीच. पण मेंदूतले चित्र वेगळे. ‘ही हालचाल मी केली’ ही जाणीव घडवण्यात ज्या भागाचा सहभाग मानला जातो, तिथले काम आपोआपच्या थरथरीत कमी होते. अभ्यास लहान आहे, पण “मी करत नाही, होतंय” हे पेशंटचे म्हणणे तो खोडत नाही, उलट त्याला दुजोरा देतो.

तिसरी ऐकून कोणत्याही डॉक्टरची मान खाली जावी. २००६ साली एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी अपघातानंतर ‘व्हेजिटेटिव्ह’ अवस्थेत असलेल्या २३ वर्षांच्या तरुणीचे स्कॅन केले. डोळे उघडे, पण कशालाच प्रतिसाद नाही. तिला सांगितले, “टेनिस खेळत आहात अशी कल्पना करा.” नंतर, “आपल्या घरातल्या खोल्यांतून फिरत आहात अशी कल्पना करा.” दोन्ही वेळा तिच्या मेंदूतले नेमके तेच भाग उजळले, जे धडधाकट माणसांत उजळतात. २०२४ साली अनेक केंद्रांनी मिळून केलेला अभ्यास आला: सांगितलेले काहीच न करणाऱ्या २४१ पेशंटांपैकी ६० जणांच्या मेंदूत, म्हणजे चारातल्या एकात, सूचना समजून घेऊन पाळत असल्याच्या खुणा मिळाल्या.

हे पेशंट आणि आमच्या अंगणवाडीच्या बाई यांचे आजार पूर्ण वेगळे आहेत. धडा मात्र एकच आहे. आमच्या तपासणीत दिसले नाही, याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही. ‘आमच्या तपासणीत दिसले नाही’ एवढाच होतो.

आता दुसऱ्या टोकाची चूक

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, “म्हणजे सगळं मेंदूतलं केमिकल आहे तर!” थांबा. ही त्याच चुकीची दुसरी बाजू आहे. आधी मन खोटे ठरवले, आता मन गाळूनच टाकायचे.

मुलाचे अभ्यासात लक्ष नाही म्हणून हजारो रुपये भरून काढलेले रंगीत ‘ब्रेन मॅपिंग’ घेऊन आईवडील येतात. लाल, पिवळे, निळे ठिपके, आणि खाली लिहिलेले की मुलाची अमुक क्षमता इतके टक्के. मुलाशी दहा मिनिटे बोलल्यावर कळते की वर्गात एक मुलगा त्याला रोज मारतो. ते कोणत्या रंगात दिसणार होते?

स्कॅनच्या रंगांनी हुरळून जाऊ नये, यासाठी एक किस्सा लक्षात ठेवा. २००९ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी एका मेलेल्या सामन माशाला स्कॅनरमध्ये ठेवले आणि त्याला माणसांचे फोटो ‘दाखवले’. आकडेमोडीतली एक आवश्यक दुरुस्ती केली नाही, तर मेलेल्या माशाच्या मेंदूतही ठिपके उजळलेले दिसतात, हे त्यांनी सिद्ध केले. स्कॅन खोटे असतात असा याचा अर्थ नाही. ते वाचायला अक्कल लागते, एवढाच आहे.

डिप्रेशनचेही तसेच. ‘मेंदूत सेरोटोनिन कमी झालं’ हे स्पष्टीकरण आम्ही डॉक्टरांनी सोयीसाठी वापरले. एवढ्या सरळसोट कारणाला भक्कम पुरावा नाही. पण म्हणून गोळ्या निरुपयोगी ठरत नाहीत, आणि कृपा करून या वाक्यावरून कोणी गोळ्या बंद करू नका. पॅरासिटामोलने ताप उतरतो, म्हणून ताप पॅरासिटामोलच्या कमतरतेने येत नाही.

उपचारांच्या बाबतीत तर ‘मनाचे की मेंदूचे’ हे भांडण फार पूर्वीच निकालात निघायला हवे होते. १९९२ साली लुइस बॅक्स्टर यांच्या गटाने ओसीडीच्या, म्हणजे सतत हात धुण्यासारख्या सक्तीच्या आजाराच्या, पेशंटांचे उपचारांपूर्वी आणि नंतर स्कॅन केले. काहींना गोळ्या दिल्या होत्या, काहींना गोळ्यांशिवाय वर्तनोपचार. ज्यांना गुण आला, त्यांच्या मेंदूच्या एकाच भागातले वाढलेले काम दोन्ही गटांत कमी झालेले दिसले. समुपदेशन म्हणजे ‘नुसत्या गप्पा’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावे. गप्पाही मेंदूवरच काम करतात.

आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर, मोठा प्रश्न अजून सुटलेला नाही. मेंदूतल्या विजेच्या आणि रसायनांच्या खेळातून ‘दुखणे’ हा अनुभव का निर्माण होतो? तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स याला ‘अवघड प्रश्न’ म्हणतात. १९९८ साली मेंदूवैज्ञानिक क्रिस्टोफ कॉख यांनी त्यांच्याशी पैज लावली की, पंचवीस वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण स्पष्ट सापडेल. २०२३ मध्ये कॉख भर सभेत पैज हरले आणि त्यांनी वाइनच्या बाटल्या चाल्मर्सना दिल्या.

म्हणूनच म्हणतो, ज्या विषयात जगातली उत्तम डोकी पंचवीस वर्षांनी ‘अजून कळलेले नाही’ अशी कबुली देतात, तिथे ओपीडीत दोन मिनिटांत ‘काही नाही, मनाचं आहे’ हा निकाल देणारे आपण कोण?

काही आक्षेप

“पण डॉक्टर, काही लोक खरंच सोंग करतात ना?” करतात. नोकरी, नुकसानभरपाई, कोर्टकचेरी यांसाठी थोडे लोक करतात. पण खोट्या नोटा बाजारात आहेत म्हणून आपण प्रत्येक गिऱ्हाइकाला चोर म्हणत नाही. सोंग ओळखायला पुरावा लागतो, आणि ‘रिपोर्ट नॉर्मल’ हा त्याचा पुरावा नव्हे.

“यात एखादा मोठा आजार निसटला तर?” रास्त भीती आहे. म्हणूनच निदान तपासून, हूवरसारख्या खुणा पाहून करायचे असते. तसे केल्यावर पुढे वेगळा आजार निघण्याचे प्रमाण १९७० च्या दशकानंतरच्या अभ्यासांत साधारण चार टक्के आढळले. ते शून्य नाही, म्हणून पेशंटला पुन्हा बोलावायचेच. उलट ‘काही नाही’ ऐकून गेलेला पेशंट परत येत नाही, आणि खरा धोका तिथेच असतो.

“आपल्याकडे ही भिंत नव्हतीच, हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे.” अर्धे खरे आहे. सांख्य दर्शनात मन हे प्रकृतीचा भाग आहे, म्हणजे ते शरीराच्याच बाजूला पडते. चरकसंहितेत मन, आत्मा आणि शरीर यांना एकमेकांच्या आधाराने उभ्या असलेल्या तिकाटण्याची उपमा आहे. आपली भाषाही शहाणी आहे. भीतीने पोटात गोळा येतो, घशाला कोरड पडते, वाईट बातमीने हातपाय गळतात. हे बोलताना आपण ‘काही नाही’ म्हणत नाही. पण म्हणून छाती फुगवू नये. सुनेचे हातपाय खरोखरच गळाले की ‘नाटकं’ म्हणणारेही आपणच. दर्शने ग्रंथात राहिली, टोमणा स्वयंपाकघरात.

मग म्हणायचे काय, करायचे काय?

पेशंटसाठी: “रिपोर्ट नॉर्मल आहेत” ही चांगली बातमी आहे, पण ती उत्तराचा अर्धाच भाग आहे. डॉक्टरांना शांतपणे तीन प्रश्न विचारा. मला काय नाही हे कळले, मग काय आहे? ते तुम्ही कशावरून ठरवले? आणि त्यावर उपचार काय? मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले तर तो अपमान समजू नका. हाड मोडल्यावर हाडांच्या डॉक्टरकडे जाण्याइतकेच ते साधे आहे. मात्र ‘पाठवणे’ आणि ‘कटवणे’ यातला फरक तुम्हाला कळतो. पाठवणारा डॉक्टर तुम्हाला पुन्हा भेटायची तारीखही देतो.

नातेवाइकांसाठी: “मनावर घेऊ नकोस”, “स्वतःला आवर” हे सल्ले बंद करा. ज्याला आवरता येत नाही, त्यालाच तर आजार म्हणतात. टीव्हीपुढे चालता येते आणि कामाला उठता येत नाही, हा खोटेपणाचा पुरावा मानू नका. लक्ष दुसरीकडे गेले की हालचाल सुधारते, हेच या आजाराचे लक्षण आहे, आणि फिजिओथेरपीत त्याचाच उपयोग करून घेतात: उलटे चालवणे, तालावर चालवणे, बोलता बोलता चालवणे.

माझ्या डॉक्टर मित्रांसाठी: “काही नाही” हे दोन शब्द गाळा. त्याऐवजी म्हणा, “तुम्हाला होतंय ते खरं आहे. मेंदूला इजा नाही, त्याच्या कामकाजात अडथळा आहे. तो कमी होऊ शकतो.” हे म्हणायला दहा सेकंद लागतात. मेंदू म्हणजे हार्डवेअर आणि मन म्हणजे सॉफ्टवेअर ही उपमा मीही वापरतो. पण तीही अपुरी आहे, कारण इथे सॉफ्टवेअर चालता चालता हार्डवेअर बदलत असते.

कायद्याबद्दलही एक गोष्ट सांगून ठेवतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आरोग्य विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्याच धर्तीवर संरक्षण देणे बंधनकारक आहे. ‘हे मनाचं आहे, क्लेम मिळणार नाही’ असे कोणी म्हटले तर लेखी कारण मागा. मनाबद्दल फोनवर बोलायचे असेल तर सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे: हा लेख वाचून घरी हूवर टेस्ट करत बसू नका. अचानक एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात समजून ताबडतोब हॉस्पिटल गाठा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचे असते. आयुष्यात पहिल्यांदाच फिट आली, छातीत दुखू लागले, लघवीवरचा ताबा गेला, तरीही आधी हॉस्पिटल. मनाचे की शरीराचे, याची चर्चा तिथे पोहोचल्यावर.

अंगणवाडीच्या बाईंना फिजिओथेरपीने चार-पाच महिन्यांत चांगला फरक पडला. थकल्या की पाय अजून थोडा ओढतो. मागच्या भेटीत सासूबाई सोबत आल्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या हाताला रात्री मुंग्या येतात आणि रिपोर्ट नॉर्मल आहेत. खुर्चीत बसता बसताच त्या म्हणाल्या, “डॉक्टर, आधीच सांगते, मी नाटक करत नाहीये.”

मी त्यांचा हात तपासायला घेतला.